एक कुठे धरू?

माझा आवाज मला मंगळवारी सकाळी किराणा दुकानात ऐकू आला. थंड कपाटाचं दार उघडून मी ताकाची बाटली शोधत होते आणि छतातल्या स्पीकरवर लुरीन डॉसनचं ते बसचं गाणं लागलं होतं. हे गाणं नॅशव्हिलमध्ये गेली तीस वर्षं कुठेही लागतं, दाताच्या दवाखान्यात लागतं, पेट्रोलपंपावर लागतं, त्यामुळे त्यात ऐकण्यासारखं काही उरलेलं नाही. 'दुपारची बस आली, तू काही उतरला नाहीस' असं लुरीन म्हणते, 'नाहीस' पटकन तोडते आणि श्वास घेते. त्या श्वासाच्या जागी, पियानोच्या मागे, लांब कुठेतरी, कुणीतरी तो 'नाहीस' अजून धरून ठेवला होता. बारीक, सरळ, न हलणारा सूर. मी बाटली हातात घेऊन तशीच उभी राहिले. अगं बाई, ही तर मी! एकोणतीस वर्षांची, पोटात नुसती कॉफी, पायात एका टाचेचा खिळा वर आलेले बूट. दुकानातला पोरगेलासा मॅनेजर मागून म्हणाला, "बाई, दार लावता का तेवढं? सगळी थंडी बाहेर जातेय." मी म्हटलं, "लावते रे, तुझी थंडी मला काय करायची आहे?" आणि माझा तो आजचा आवाज, खालून घासत येणारा, त्या वरच्या आवाजाच्या इतका जवळ पडला की मला एकदम गरगरलं.

मी कच्चं गाणारी बाई होते. म्हणजे लुरीन डॉसनसारखी नावाजलेली गायिका केसांना पिना लावून येईपर्यंत वाद्यं वाजवणाऱ्यांना गाणं कळावं म्हणून कुणीतरी गावं लागतं, ते मी गायचे. मग पक्का आवाज भरला की माझा पुसून टाकायचा. शिवाय नवीन गाण्यांचे नमुने गायचे, ते टेपवर चढून मोठ्या गायकांच्या दारी जायचे आणि आवडले तर ते गायचे. अशी किती गाणी मी आधी गायले आणि जगाने दुसऱ्याच्या तोंडून ऐकली, विचारू नका. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही असं मी सगळ्यांना सांगत आले. बसचं गाणं भरलं त्या दिवशी पियानो वाजवणाऱ्या क्लोव्हिसने झाकण अर्धं उघडं ठेवलं होतं आणि मी त्याच्या शेजारीच उभी होते, त्यामुळे पियानोच्या माइकमध्ये माझा आवाज सांडला असणार. सांडलेला आवाज पुसता येत नाही, पियानोच काढून टाकावा लागतो. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही किंवा आलं आणि म्हणाले, जाऊ दे, कोण ऐकतंय. तीस वर्षं मी त्या गाण्यात बसून होते आणि मलाच पत्ता नव्हता. दुसरं कुणी असतं तर खूश झालं असतं. मला मात्र रडू आलं, तेही ताकाच्या कपाटासमोर, कारण त्याच दिवशी दोन वाजता मला गायला जायचं होतं आणि तो वरचा आवाज माझ्याकडे उरलेला नव्हता.

चौदा महिन्यांपूर्वी माझ्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, पण काढताना एक नस दुखावली; ती दुखावणारच होती, डॉक्टरांनी आधी कागदावर चित्र काढून सांगितलं होतं. सहा महिने मी कुजबुजत होते. मग आवाज आला, पण तो माझा नव्हता. जाड, थोडा खरखरीत, कुणीतरी भाड्याने दिल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, "बोलण्यापुरता छान आहे." बोलण्यापुरता! त्या दिवसापासून मी गुणगुणलेसुद्धा नाही. भांडी घासताना नाही, गाडी चालवताना नाही. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर उभी राहायचे आणि नुसते ओठ हलवायचे, तर शेजारच्या बाकावरची बाई एकदा माझा दंड दाबून म्हणाली, "तुमचा आवाज म्हणजे देवाची देणगी हो, व्हॉनेल." मी म्हटलं, "आभारी आहे." घरी येऊन इतकी हसले की जुन्या टाक्यांची जागा ओढली गेली, आणि मग हसायचं थांबलं तेव्हा घर फार शांत झालं. माझी बहीण ज्युएल मॅरीव्हिलला असते, नवरा गेल्यापासून एकटीच. ती दर शनिवारी फोन करते आणि एकच सांगते, "घर विकून इकडे ये. गाणं नाही तर त्या गावात तू करतेस काय?" गेल्या शनिवारी मी तिला म्हटलं, "मंगळवारी सांगते." कारण मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मंगळवारी आवाज आला तर ठीक, नाही आला तर घर विकायला काढायचं, ज्युएलच्या मागच्या खोलीत राहायचं, तिच्याबरोबर टोमॅटो बरणीत भरायचे आणि या जन्मात परत तोंड उघडायचं नाही. असं काही ठरवलं की माणसाला जरा बरं वाटतं. पण मंगळवार येईपर्यंतच.

मंगळवार क्लोव्हिस प्रूइटमुळे उगवला होता. क्लोव्हिस पियानो वाजवतो, सत्तरीला टेकलाय, आणि अजून सोळाव्या रस्त्यावरच्या त्या जुन्या घरातल्या स्टुडिओत तोच सगळ्यांना हाताखाली घेतो. माझ्या घरी फोन करून तो कधी 'कशी आहेस' विचारत नाही.

"काय गं, जिवंत आहेस का?"

"आवाजावरून काय वाटतं?"

"घशात बेडूक अडकलाय असं वाटतं."

"अडकला नाही, राहायलाच आलाय."

"मग त्याला मंगळवारी दोन वाजता घेऊन ये. डार्सी किम्ब्रो नावाची एक पोरगी आहे, चोवीस-पंचवीसची, गाणी लिहिते. एक बरं लिहिलंय. नमुना करायचाय आणि तिला पोक्त बाईचा आवाज हवाय."

"पोक्त म्हणजे म्हातारा ना?"

"मी पोक्तच म्हटलं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दारात पाकीट, त्यात कॅसेट. डार्सी स्वतःच गिटारवर गात होती. आईच्या मागे राहिलेल्या शिलाई मशीनबद्दलचं गाणं; आई गेली, मुलगी मशीन उघडते, तर सुईखाली कापड तसंच, अर्धी शिवण. गाणं बरं नव्हतं, चांगलं होतं, आणि त्याचाच मला राग आला. त्यात धृपदाला 'अजून दोरा ओवलेला आहे' या ओळीत 'आहे'वर एक उंच सूर होता. पूर्वी मी तिथे जाऊन चहा पिऊन परत आले असते. मी ती कॅसेट अकरा वेळा ऐकली, ओठ घट्ट मिटून, आणि अकराही वेळा त्या सुराजवळ माझा गळा आपोआप आवळला. जसं आपण मोटारीत शेजारी बसलेलो असताना पायाने ब्रेक दाबतो तसं.

दुकानातून मी घरी गेलेच नाही. ताकाची बाटली शेजारच्या सीटवर, मी गाडी स्टुडिओच्या मागच्या अंगणात लावून अडीच तास बसून राहिले. एप्रिल होता, डॉगवूडच्या झाडांना पांढरा बहर आला होता, आणि माझ्या डोक्यात ती एकोणतीस वर्षांची बाई 'नाहीस' धरून उभी होती. सोडतच नव्हती. काय दम होता मेलीला! मला तिचा हेवा वाटला, खराखुरा हेवा, आणि मग आठवलं की त्या दिवशी लुरीन आली, माझ्याकडे न बघता कोट माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "छान गातेस हं तू, जवळजवळ माझ्यासारखंच." सगळे हसले, मीही हसले. कोट खुंटीला लावला. गाणं लुरीनच्या पट्टीतच मांडलेलं होतं, ती पट्टी माझ्या गळ्याला अंमळ उंच होती, आणि मी सकाळपासून टाचा वर करून गात होते, अक्षरशः, त्या खिळ्याच्या बुटात. का? तर लुरीन तिथे गाते म्हणून. त्यानंतर बाकीच्यांच्याही पट्ट्यांत तसंच. ती उंच गाते तर मी उंच, तो खाली गातो तर मी खाली. पुरुष गायकासाठी नमुना असला तर मी तळघरातून गायचे. क्लोव्हिस सगळ्यांना सांगायचा, "व्हॉनेलला कुठेही चालतं," आणि मला ते ऐकून ऊर भरून यायचा. आणखी कुणाबद्दल तो असं म्हणायचा नाही. दोन वाजायला पाच कमी होते तेव्हा मी उतरले, आणि गाडीत ताक खराब होईल म्हणून बाटली आत घेऊन गेले.

"हे काय, दक्षिणा आणलीस का?" क्लोव्हिस म्हणाला.

"तुझ्या तोंडाला लावायला. बंद राहील."

त्याने पियानोवरून उठून मला मिठी मारली, घट्ट, थोडी जास्तच वेळ. मला कळलं की तोही घाबरलाय. मग मी आणखी घाबरले. बास गिटारवाला आणि ड्रमवाला ओळखीचे, त्यांनी हात वर केले. डार्सी रेकॉर्डिंगच्या काचेमागून धावत बाहेर आली, गालाला खळी, हातात टेपचं बांगडीएवढं रीळ. "मिस व्हॉनेल, तुम्ही आलात! माझ्या आत्याकडे तुमच्या आवाजातली एक जुनी नमुन्याची टेप आहे, मी लहानपणी ती ऐकून ऐकून झिजवली." मी म्हटलं, "मग तिलाच बोलवायचं होतंस, टेपला." मी अशी आहे, घाबरले की चावते. पोरीचा चेहरा उतरला, मला लाज वाटली, पण ती लाज ठेवायला तेव्हा माझ्याकडे जागा नव्हती. या घराचं जुनं स्वयंपाकघर म्हणजे गाणाऱ्याची खोली. तिथे स्टँडवर गाण्याचा कागद लावलेला. आमच्या गावात गाण्याचा कागद म्हणजे नुसते आकडे. एक एक चार एक, एक पाच एक. सुरांची नावं नाहीत. 'एक' म्हणजे गाण्याचं घर, तिथून सुरुवात आणि तिथेच परत. पण ते घर कुठल्या पट्टीवर, हे कागदावर लिहीत नाहीत, तोंडी ठरतं. म्हणून वाजवणारा आधी विचारतो.

"व्हॉनेल," हेडफोनमधून क्लोव्हिसचा आवाज आला, "एक कुठे धरू?"

"आहे तिथेच," मी म्हटलं. विचार न करता. देवळात हात जोडावेत तितक्या सवयीने. डार्सीच्या कॅसेटवर होतं तिथे.

त्याने मोजलं. पहिलं कडवं गेलं, कसंबसं, जमिनीलगत, आणि मला क्षणभर वाटलं की जमतंय, खरंच जमतंय गं बाई. तो आवाज नवा होता पण शब्द धरत होता, 'सुईखाली' म्हणताना तो जरा थरथरला आणि ते बरं वाटलं. मग धृपद आलं. मला ते लांबूनच दिसत होतं, आणि मी तीस वर्षांच्या जुन्या जोरावर उडी मारली. 'आहे'वर गळ्यात काहीतरी दार आपटल्यासारखं बंद झालं. आधी नुसती हवा आली, मग एक चिरका तुकडा, मग काहीच नाही. वाद्यं अजून चालू होती, चार, पाच, एक, बिचारी आपापली घरी गेली आणि थांबली. हेडफोनमध्ये माझाच श्वास मोठा ऐकू येत होता. मी कानांवरून हेडफोन काढला आणि पर्स शोधू लागले. हातांना पर्स सापडेना, ती माझ्याच खांद्यावर होती. झालं तर मग. मॅरीव्हिल. मागची खोली. आणि त्याच वेळी मला फार फार गावंसं वाटलं, तहान लागावी तसं, कधी नव्हे इतकं. एवढं वाईट मला गाठीच्या वेळीसुद्धा वाटलं नव्हतं.

डार्सी दारात येऊन उभी राहिली. "मिस व्हॉनेल, खरं सांगू का, मला तो तुटलेला सूर आवडला. तसाच ठेवू या. त्यात काहीतरी आहे."

"त्यात काही नाही," मी म्हटलं. "तुटलेलं आवडायला मी काय जुन्या बाजारातलं कपाट आहे? बाजूला हो पोरी, मला जाऊ दे."

ती बाजूला झाली, पण तिच्या मागे क्लोव्हिस होता आणि तो दाराएवढाच रुंद आहे.

"कुठे निघालीस?"

"ज्युएलकडे."

"मॅरीव्हिलला? ताक इथेच ठेवून?"

"थट्टा नको करूस. आवाज गेला, क्लोव्हिस. ऐकलास ना तू."

"मी ऐकलं ते एवढंच, की डार्सीच्या पट्टीत तुझा आवाज जातो. त्यात काय, माझाही जातो. अर्धी दुनिया तिच्या पट्टीत मरेल."

"मग काय करू?"

"मी विचारलं होतं ना, एक कुठे धरू म्हणून? तू म्हणालीस आहे तिथेच."

"मग आणखी काय म्हणायचं? पट्टी काय मी सांगायची असते?"

"मग कुणी सांगायची?" क्लोव्हिस खरोखर न कळल्यासारखा माझ्याकडे बघत होता. "गाणारी कोण आहे इथे?"

आयुष्यभर हजार तरी गाणी मी गायले असेन, आणि एकदाही, एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं की 'एक' मला हवा तिथे ठेवता येतो. तो लुरीन जिथे उभी आहे तिथे असतो, नाहीतर ज्याच्या दारी टेप जायची आहे त्याच्या दारात. आणि 'व्हॉनेलला कुठेही चालतं' हे मी बिल्ल्यासारखं छातीवर लावून फिरत होते! मला आधी स्वतःचा राग आला, मग तो मी समोर होता त्याच्यावर काढला.

"तीस वर्षं तू प्रत्येकाला विचारत आलास. लुरीनसाठी एका दिवसात सात वेळा पट्टी बदललीस. मला आजच्या आधी का नाही कधी विचारलंस?"

क्लोव्हिसने बुटांकडे बघितलं. त्याच्या डोक्यावर मधोमध टक्कल पडलंय हे मला तेव्हाच दिसलं.

"तू कधी अडलीच नाहीस," तो हळू म्हणाला. "मला वाटलं, तुला लागतच नाही."

"विचारायचं तरी."

"हो," तो म्हणाला. "विचारायला हवं होतं. आता विचारतोय."

मी पर्स खाली ठेवली. खरं म्हणजे ती खांद्यावरून घसरली, पण मी उचलली नाही. तो आत जाऊन पियानोवर बसला आणि मी हेडफोन लावला. त्याने एक वाजवला, आधीचाच. मी तोंड मिटून त्यावर 'हं' म्हटलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा, सगळ्यांच्या देखत. मान गरम झाली.

"खाली," मी म्हटलं.

त्याने खाली घेतला.

"अजून."

"इथे?"

"अजून खाली."

"व्हॉनेल, आणखी खाली गेलो तर तळघर लागेल."

"मी सांगतेय ना! वाजव."

त्याने वाजवला. तो सूर माझ्या छातीच्या हाडात येऊन बसला, गळ्याने काही करायचं आधीच. मी पुन्हा 'हं' म्हटलं आणि ते 'हं' वाटेल तितकं लांबलं, कुठेही घासलं नाही, कुठेही ढकलावं लागलं नाही. माझ्या टाचा जमिनीवर होत्या. मी मुद्दाम खाली बघून खात्री केली.

"इथे," मी म्हटलं. "एक इथे."

"एक इथे," क्लोव्हिसने बाकीच्यांना सांगितलं आणि पट्टीचं नाव सांगितलं. कुणी पेन्सिल उचलली नाही. त्या कागदावर एकही आकडा खोडावा लागत नाही, एक एकच राहतो, चार चारच. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कुणीही विचारलं असतं तर मी झोपेतून उठून सांगितलं असतं.

त्याने मोजलं आणि मी गायले. काय सांगू, धृपद येताना मला भीती वाटत होतीच. पण तो सूर आता उंच नव्हता, माझ्या खांद्याच्या उंचीवर होता, आणि 'अजून दोरा ओवलेला आहे' म्हणताना मी नुसती त्यावर टेकले. आवाज जाड आला, कडेला थोडा खरखरला, आणि टिकला. मी तो ऐकत होते आणि गातही होते. ही कोण बाई, असं क्षणभर वाटलं, मग वाटलं, असू दे, चांगली आहे, ओळख करून घेऊ. काचेमागे डार्सी दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी होती. तिच्या आईचं मशीन होतं ते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि तेव्हा कळलं. दुसरं कडवं, मग परत धृपद, आणि मी आणखी थोडी सैल झाले, आणखी थोडं टेकले, शेवटच्या ओळीला तर मला थांबायचंच नव्हतं.

मग एकदम काहीतरी बेसूर घुमलं, आणि सगळं थांबलं. मी डोळे मिटून घेतले.

"काय झालं?" मी विचारलं. "मी चुकले का?"

"तू नाही," क्लोव्हिस वैतागून म्हणाला. "या बासवाल्याने चारच्या जागी पाच घेतला. तीस वर्षं वाजवतोय आणि मोजता येत नाही."

"गाणं ऐकत राहिलो," बासवाला म्हणाला. "माफ करा, मिस व्हॉनेल. परत म्हणावं लागेल तुम्हाला. त्रास होईल का?"

"कसला त्रास?" मी म्हटलं. "मोज रे, क्लोव्हिस."